वाऱ्याला सातबारा नसतो



हवामान बदलावर बोलायला लागलो की आपल्यातलेच काही कार्यकर्ते तोंडावर विचारतात, "भाऊ, पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, गावात अजून स्मशानभूमीवरून भांडणं आहेत. त्यात तुम्ही हे कार्बनचं काय काढलंय?" प्रश्न रास्त आहे. मला तो सातारा-सांगलीच्या प्रत्येक शिबिरात विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

थोडक्यात उत्तर असं की, 'हवामान बदलावरचा उपाय' या नावाखाली आपल्या दोन जिल्ह्यांत गेली पंचवीस-तीस वर्षं जमिनीची आणि नैसर्गिक साधनांची नवी वाटणी चालू आहे आणि त्या वाटणीच्या बैठकीत आपण नाही. हा विषय आपला नाही असं आपण म्हणत राहिलो, तर तो दुसऱ्या कुणाचा तरी होणारच आहे. किंबहुना झालाच आहे.

कऱ्हाडहून पाटणला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसणाऱ्याला डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या ओळखीच्या आहेत. कोयना खोऱ्याच्या वरचं वनकुसवडेचं पठार, सातारा तालुक्यातली चाळकेवाडी, सांगलीकडे शिराळा तालुक्यातलं गुढे-पाचगणी, कवठेमहांकाळ तालुक्यातलं ढालगाव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वनकुसवडेच्या प्रकल्पाचं नाव एके काळी आशियातल्या मोठ्या पवनप्रकल्पांत घेतलं जायचं. ज्या पठारांवर नाचणी आणि गवत यापलीकडे फारसं काही पिकत नव्हतं, ती पठारं एकाएकी मोलाची झाली.

का झाली? वर्तमानपत्रातल्या जाहिराती सांगतील की कंपन्यांना पर्यावरणाची काळजी वाटली म्हणून. काहींना वाटलीही असेल. पण त्या काळचा आयकर कायदा पाहा. पवनचक्की विकत घेतली की तिची पूर्ण, म्हणजे १०० टक्के किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा करता येत होती. समजा, एखाद्या कंपनीला २० कोटी नफा झाला आणि तिनं ५ कोटींची पवनचक्की घेतली, तर त्या वर्षी कर १५ कोटींवरच. २००२ मध्ये ही सवलत ८० टक्क्यांवर आली, २०१२ मध्ये थांबली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्के झाली. त्यामुळेच पवनचक्क्यांच्या मालकांत वीजनिर्मितीशी संबंध नसलेले उद्योग आणि पैसेवाले आले. पातं किती फिरलं यापेक्षा कागद किती फिरला, यावरही बरंच अवलंबून होतं.

पुढे त्यात दुसरा कागद आला. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना प्रदूषण कमी करण्याचं बंधन घातलं, पण एक वाटही ठेवली. स्वतःच्या देशात धूर कमी करायचा नसेल तर भारतासारख्या देशातल्या स्वच्छ प्रकल्पाकडून कार्बन क्रेडिट विकत घ्या. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला की एक क्रेडिट. करार २००५ मध्ये लागू झाला आणि महाराष्ट्रातल्या पवनप्रकल्पांनीही या बाजारासाठी नोंदणी केली. म्हणजे आपल्या डोंगरावरचा वारा तीनदा विकला गेला. एकदा वीज म्हणून, एकदा करसवलत म्हणून आणि एकदा युरोपातल्या कुणाच्या तरी धुराचं प्रायश्चित्त म्हणून. प्रायश्चित्त पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यायची पद्धत आपल्या देशाला नवी नाही. त्यातली दक्षिणा कुणाला मिळते हेही आपल्याला चांगलं माहीत आहे.

गैरसमज नको. हा लेख पवनचक्क्यांच्या विरोधात नाही. कोळशाच्या विजेनं चंद्रपूरच्या माणसांच्या फुप्फुसांचं काय केलं, ते आपण जाणतो. बाबासाहेबांचा तर विजेवर जीव होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या प्रकल्पांची आणि देशाच्या वीजधोरणाची पायाभरणी त्यांनी केली. वीज, उद्योग आणि दारिद्र्यातून सुटका ही त्यांच्या विचारातली एकच साखळी होती. पण त्याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतजमीन राज्याची करून ती जातपात न पाहता कसायला द्यावी, असं मांडलं. साधन कोणतं, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. ते कुणाच्या मालकीचं, हा त्याच्याइतकाच मोठा प्रश्न होता. आज नेमका तोच गायब झाला आहे.

कसा गायब होतो, त्याचा एक नमुना मी पाहिला आहे. एका महाविद्यालयात एका कंपनीच्या अधिकाऱ्यांचं 'हवामान बदल आणि उद्योगांची जबाबदारी' यावर व्याख्यान होतं. पडद्यावर एकामागून एक चित्रं. हिरव्या पठारावर पांढरीशुभ्र पवनचक्की, गणवेशातली मुलं रोपं लावताहेत, डोक्यावर हंडा घेतलेली बाई हसते आहे. आकडे सगळे टनांत आणि मेगावॉटमध्ये. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या गावच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, पण आमच्या वस्तीत कुणाला जमीन नाही. मग यात आमचा फायदा काय?" साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुमचं संपूर्ण गावच लाभार्थी आहे." टाळ्या पडल्या आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

'संपूर्ण गाव' हा शब्द ऐकला की आंबेडकरी माणसानं सावध व्हावं. गाव एक नसतं, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं. ज्या मुलानं प्रश्न विचारला तो गावचा होता की गावकुसाबाहेरचा, हे ना त्या चित्रांत होतं ना आकड्यांत. आणि या गोष्टीचा फायदा-तोट्याशी थेट संबंध आहे. तो संबंध जमिनीतून येतो.

वाऱ्याला सातबारा नसतो. तो कुणाच्या नावावर नाही, त्याला फेरफार नाही, त्याची वारसनोंद नाही. पण वाऱ्याचा पैसा ज्या दारातून येतो ते दार सातबाराचं आहे. पवनचक्कीसाठी जमीन विकली, रस्त्याला जागा दिली, तारांसाठी भाडं घेतलं, तर पैसा सातबारावर नाव असलेल्याला मिळतो. तोही भाव न कळलेल्या अल्पभूधारकाला थोडा आणि मधल्या दलालाला जास्त, ही त्या शेतकऱ्यांचीही तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण ज्याचं सातबारावर नावच नाही, त्याच्या वाट्याला फार तर वॉचमनची नोकरी येते. ज्या माळावर त्याच्या शेळ्या चरायच्या तिथं तो आता शिट्टी घेऊन उभा राहतो आणि दुसऱ्याच्या शेळ्या हाकलतो.

नाव का नाही? आळशीपणामुळे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत, पण कृषी गणनेत त्यांच्याकडची वहिवाटीची जमीन दहा टक्क्यांहूनही कमी भरते. महाराष्ट्रात जी काही जमीन होती ती बहुतांशी वतनाची. त्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात सबंध गावाची आणि सरकारची राबणूक, ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. वतनं संपवणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. नंतर त्या जमिनी नव्या शर्तीनं परत मिळाल्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरी कितीतरी गावांत त्या आज दुसऱ्यांच्याच ताब्यात दिसतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, त्याचं कारण हेच होतं.

आपल्या जुन्या गावांची रचना पाहिली तर वाऱ्याचा अभ्यास गावानं कंपन्यांच्या कितीतरी आधी केलेला होता. वस्ती अशा बाजूला ठेवायची की तिकडचा वारा गावावर येऊ नये आणि तिकडचं पाणी गावाच्या पाण्यात मिसळू नये. वारा आणि पाणी निसर्गाचं असलं तरी ते माणसापर्यंत जातीच्या वाटेनं पोचतं, ही गोष्ट आपल्याला कुठल्या आंतरराष्ट्रीय अहवालात वाचावी लागत नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला तर सातारा जिल्ह्यातलाच आहे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. दुष्काळात माणसं मरत होती, त्यांना काम देण्यासाठी सरकारनं काढलेली योजना. आजच्या भाषेत हवामान संकटावरचा उपाय. सुभेदार रामजी तिथं खजिनदार होते. त्यांना भेटायला छोटा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर रेल्वेनं मसूर स्टेशनला उतरला. जात कळताच कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्रभरच्या प्रवासात जवळ शिदोरी होती, पैसे होते, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं.

विचार करा. दुष्काळावरचा उपाय म्हणून जिथं तलाव खणला जातो आहे, त्याच तालुक्याच्या वाटेवर त्या कामाच्या खजिनदाराची पोरं तहानलेली. दुप्पट पैसा मोजून गाडी मिळते, पाणी मिळत नाही. 'बाजार सगळं सोडवेल' आणि 'तंत्रज्ञान सगळं सोडवेल' म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला हवी. उपाय तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला, तरी तो न्याय्य आपोआप होत नाही.

हे फक्त वाऱ्याचं नाही. कृष्णाकाठी या. साखर कारखाने आता इथेनॉलमुळे 'हरित इंधनाचे' उत्पादक म्हणवले जातात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा देशानं २०२५ मध्ये गाठला, त्याचा गाजावाजा आपण ऐकला. पण त्या इंधनाचा पहिला घाव घालणारा कोयता कुणाच्या हातात आहे? मराठवाड्यातून मुकादमाची उचल घेऊन आलेली जोडपी, फडाशेजारच्या कोप्या, शाळा सुटलेली पोरं. यात वंजारी, बंजारा यांच्याबरोबर आपले मातंग आणि बौद्ध बांधव मोठ्या संख्येनं आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजायचा, बाईची वेगळी मजुरी नाही. इंधन हिरवं झालं, उचल मात्र तशीच राहिली. त्या उसाला धरणाचं पाणी मिळतं, तेही ज्याची जमीन त्यालाच.

आणि आता सर्वांत तातडीची गोष्ट, सौरऊर्जा. २०२३ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चालू आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे, शेतकऱ्याची ती जुनी मागणी होती. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला तीन वर्षं ५-५ लाख. पण या योजनेसाठी सरकारी जमीन, त्यात गायरानही, दिली जाते.

गायरान म्हटलं की आपल्या वस्तीच्या पोटात गोळा येतो. कारण पिढ्यानपिढ्या भूमिहीन माणसानं दगडगोटे वेचून जी दोन-चार एकर वाहितीखाली आणली, ती गायरानातच. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. पण अनेकांची प्रकरणं तलाठी आणि तहसील यांच्यामध्ये अडकून पडली. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हटलं, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही गायरानांचा विषय हाती घेतला आणि नोटिसा निघाल्या. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला आहे, हे मात्र नोटीस बजावणारा कधी सांगत नाही.

आता दोन माणसं शेजारी उभी करा. एकाच्या नावावर माळ आहे. सौर प्रकल्प आला तर तो हेक्टरी सव्वा लाख घेतो. दुसऱ्यानं तसाच माळ चाळीस वर्षं कसला, पण नाव लागलं नाही. तोच प्रकल्प आला तर त्याला 'अतिक्रमणधारक' म्हणून उठवलं जातं. ऊन दोघांच्याही डोक्यावर सारखंच पडलं होतं. हा फरक सूर्यानं केलेला नाही.

मग कंपन्यांचे अहवाल याबद्दल काय सांगतात? शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून 'व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल', म्हणजे बीआरएसआर, बंधनकारक केला. तो अहवाल सार्वजनिक असतो, कंपनीच्या संकेतस्थळावर कुणीही वाचू शकतो. मी काही वाचले. पाणी किती वापरलं, कचरा किती झाला, कार्बन किती, सगळे रकाने आहेत. कर्मचाऱ्यांत स्त्रिया किती, दिव्यांग किती, हेही रकाने आहेत आणि ते असायलाच हवेत. पण अनुसूचित जाती-जमातींचे किती, असा रकाना नाही. वंचित घटकांकडून खरेदी करता का, हा प्रश्न आहे, पण ऐच्छिक भागात. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं खोट्या पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. पुराव्याशिवाय 'हरित', 'पर्यावरणपूरक' म्हणता येणार नाही. चांगलं झालं. पण त्या सूचना ग्राहकाला फसवणुकीपासून वाचवतात. ज्याच्या पायाखालची जमीन गेली तो ग्राहक नाही, मग त्याला कोण विचारतो?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. या जाहिराती खोट्या आहेत की खऱ्या, एवढ्यावर आपण थांबू नये. समजा, त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे. तरीही जो उपाय नफ्याची वाटणी जुन्या सातबाराप्रमाणे करतो, तो जातीची मालमत्ता आणखी वीस-पंचवीस वर्षांच्या करारानं पक्की करतो. आपली मागणी दुसरी असायला हवी. वाटा जमिनीला नको, माणसाला द्या.

हे स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणेल, तर त्यांना सांगली जिल्ह्यातच न्यायला हवं. खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरणाची चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी त्यात होते. तिथलं तत्त्व असं की पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनालासुद्धा. पुढे नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी संघर्ष चळवळीनं आटपाडीसारख्या तेरा दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. पाणी जमिनीपासून सोडवता येतं, तर वारा आणि ऊन का नाही? ते तर मुळातच कुणाच्या बांधात मावत नाहीत.

मग करायचं काय? भाषणं पुरे. प्रत्येक तालुक्यात चार-पाच तरुणांनी बसून ही कामं वाटून घ्यावीत.

पहिलं, पवनचक्की किंवा सौर प्रकल्पाखालच्या गटांचे जुने सातबारा आणि फेरफार काढा. त्यात वतनाची, इनामाची जमीन होती का आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी होती का, ते माहिती अधिकारात विचारा.

दुसरं, आपल्या गावच्या गायरानावर १९९० पूर्वीपासून कोण कसतं, त्याची यादी आणि पुरावे आजच तयार करा. दंडाच्या पावत्या, पंचनामे, मतदार यादी, जे मिळेल ते. प्रकल्पाचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा ही यादी हातात हवी.

तिसरं, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या त्या लाखांचा किती भाग वस्तीवर खर्च झाला, हे ग्रामसभेत नोंदवून घ्या. आणि भूमिहीन कुटुंबांना प्रकल्पाच्या उत्पन्नात थेट वाटा हवा, असा ठराव मांडा. एका गावात नामंजूर होईल, दुसऱ्यात होईल, मांडत राहा.

चौथं, शिकलेल्या मुलांनी कंपन्यांचे अहवाल वाचावेत आणि जातीचा रकाना नाही म्हणून सेबीला लेखी विचारावं. आपल्या जिल्ह्यांतून अशी शंभर पत्रं गेली तरी तो रकाना चर्चेत येईल.

२०१९ चा महापूर सांगलीनं पाहिला, २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर-मिरगावला डोंगर कोसळले. हवामान बदलाचं संकट आपल्या दारात आहे आणि नदीकाठच्या सखल वस्त्यांना ते सगळ्यात आधी गाठतं. संकटात आपण पहिले असू, तर उपायाच्या वाट्यात शेवटचे का?

हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारायचा आहे. ठराव लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम! जय संविधान!